ब्रेकचा दिवा लागत नाही तेव्हा

मोटार चालविणाऱ्यास आपल्या मोटारीचे बहुतेक दोष आपोआप कळतात. इंजिन अडखळू लागले तर ते कानांना कळते, चाकातील हवा कमी झाली तर स्टिअरिंग जड लागते, पुढचे दिवे मंदावले तर रस्ताच दिसेनासा होतो. एक दोष मात्र असा आहे की, तो मालकास स्वतःच्या जागेवर बसून कधीच दिसत नाही. तो दिसतो मागून येणाऱ्या परक्या माणसास, आणि तोही बहुधा उशिरा. पायाने ब्रेक दाबला असता मोटारीच्या मागील बाजूस जे तांबडे दिवे उजळावयास हवेत, ते न उजळणे हा तो दोष होय.

दिवा म्हटला की तो रस्ता दाखविण्यासाठी, अशी आपली समजूत असते. ब्रेकचा दिवा रस्ता दाखवीत नाही. तो केवळ एक वाक्य उच्चारतो: "मी वेग कमी करीत आहे." पूर्वी हे वाक्य हाताने बोलले जात असे. उजवा हात खिडकीबाहेर काढून, तळवा खाली करून तो वरखाली हालवावयाचा, अशी खूण आपल्याकडील 1989 च्या रस्त्यासंबंधीच्या नियमांतही दिलेली होती. त्याच वर्षीच्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी मागील दिवा तांबडा असावा व ब्रेक दाबताच तो लागावा, असे सांगितले आहे. आता काचा वर करून बसणाऱ्या चालकांचे हात बाहेर येत नाहीत. तेव्हा दिवा मुका झाला तर मोटारही मुकी होते.

ह्या मुकेपणाची किंमत किती, हे आकड्यांनी पाहिलेले बरे. ताशी 50 किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे 14 मीटर अंतर कापते. पुढील मोटारीचा दिवा लागल्यावर मागच्याचे डोळे ते पाहतात, मन ते ओळखते, पाय ब्रेककडे जातो. ह्यात सर्वसाधारण माणसाचा एक सेकंद सहज जातो. म्हणजे ब्रेक दाबण्यापूर्वीच 14 मीटर संपले. दिवाच लागला नाही तर मागच्यास पुढील मोटारीचा आकार मोठा होत चाललेला पाहूनच अंदाज बांधावा लागतो. आपल्या डोळ्यांस हे काम चांगलेसे जमत नाही, आणि तिन्हीसांजेस तर मुळीच जमत नाही. तेवढ्यात आणखी एक सेकंद गेला तर आणखी 14 मीटर गेले.

आमच्या मलकपेठेतील रस्ता ज्यांनी पाहिला आहे त्यांस 14 मीटर म्हणजे काय, हे सांगावयास नको. चादरघाटचा पूल ओलांडून मलकपेठेत आले की, डोक्यावर 2018 साली सुरू झालेल्या मेट्रोचा मार्ग, मधोमध तिचे खांब, आणि दोन्ही अंगांस बस, ऑटोरिक्षा, दुचाकी ह्यांची दाटी. पुढे मुसारामबाग, दिलसुखनगर अशी ती रांग चालूच राहते. हा साधा गल्लीबोळ नव्हे. पुण्याहून निघून सोलापूर, उमरगा, हुमनाबाद, जहीराबाद करीत हैदराबादेस येणारा आणि पुढे विजयवाड्यावरून मच्छलीपट्टणमच्या समुद्रापर्यंत जाणारा जो राष्ट्रीय महामार्ग, त्याचीच ही जुनी वाट. दिवाळीच्या सुट्टीत आमच्यापैकी कित्येक कुटुंबे ह्याच मार्गाने उलट दिशेने सोलापूर-लातुराकडे निघतात. शहरात 14 मीटर असलेला सेकंद महामार्गावर ताशी 80 च्या वेगाने 22 मीटरांचा होतो.

ह्या संबंधात अमेरिकेतील एक प्रयोग उद्बोधक आहे. जॉन व्होएव्होड्स्की नावाच्या मानसशास्त्रज्ञाने सॅन फ्रान्सिस्को शहरातील काही टॅक्सींना मागील बाजूस ब्रेकचा एक जादा दिवा बसविला. त्याचे निष्कर्ष 1974 साली प्रसिद्ध झाले. अशा टॅक्सींना मागून बसणाऱ्या धडका सुमारे 60 टक्क्यांनी कमी झाल्या होत्या! पुढे आणखी चाचण्या झाल्या आणि 1986 सालापासून तेथील नव्या मोटारींस मागील काचेजवळ उंचावर तिसरा दिवा सक्तीचा झाला. गंमत अशी की, तो सर्वच मोटारींवर दिसू लागला तेव्हा त्याचा परिणाम उतरत उतरत सुमारे 4 टक्क्यांवर येऊन स्थिरावला. नवलाईची वस्तू डोळ्यांत भरते, नित्याची भरत नाही, हेच त्याचे कारण असावे असे आम्हांस वाटते. तथापि लाखो अपघातांतील 4 टक्के ही काही क्षुल्लक संख्या नव्हे. तो तिसरा दिवा आज आपल्याकडील बहुतेक नव्या मोटारींवरही दिसतो, आणि दोष शोधण्याच्या कामी तो कसा साक्षीदार ठरतो हे आता पुढे येईलच.

दिवा लागत नाही असे कळताच बहुतेक लोक बल्ब बदलतात. त्याने काम झाले तर उत्तम. न झाले तर स्विच बदलतात, मग वायर बदलतात, आणि शेवटी "ह्या गाडीत काही अर्थ राहिला नाही" असा निकाल देतात. हा शोध नव्हे, हा जुगार झाला. शास्त्राच्या विद्यार्थ्याने प्रथम प्रवाहाचा मार्ग डोळ्यांपुढे आणावा. बॅटरीच्या धन टोकापासून निघालेला प्रवाह फ्यूजमधून जातो, तेथून ब्रेकच्या पेडलाजवळ असलेल्या स्विचपाशी येतो. पाय पडला की स्विच जोडला जातो आणि प्रवाह लांब वायरीने गाडीच्या मागील भागात पोहोचतो, तेथे त्याला फाटे फुटतात, एकेक फाटा एकेका दिव्याच्या होल्डरात शिरतो, बल्बच्या तारेतून पार होतो, आणि मग परत फिरतो. परतण्यासाठी निराळी लांब वायर नसते. मोटारीचा पत्रा हाच परतीचा मार्ग. बॅटरीचे ऋण टोक जाड पट्टीने पत्र्यास जोडलेले असते. ह्या परतीच्या जोडणीस कारागीर "अर्थ" म्हणतात. शब्दशः ती जमीन नव्हे, कारण मोटार तर रबराच्या चाकांवर उभी असते. परंतु नाव रूढ झाले आहे.

शेतातील पाटाचे पाणी शेवटच्या वाफ्यात मुरले तरी पाट वाहतो. विजेचे तसे नाही. ती जेथून निघाली तेथे परत पोहोचण्याची वाट मोकळी असेल तरच निघते. येताना दिसणाऱ्या वायरीकडे सर्वांचे लक्ष जाते, परतीच्या पत्र्याकडे कोणाचेच जात नाही. आणि आमच्या मते हट्टी दोषांपैकी निम्मे तरी त्या परतीच्या वाटेवरच दबा धरून बसलेले असतात.

मार्ग समजला की पहिला प्रश्न हातात स्क्रूड्रायव्हर न घेताच विचारता येतो: सर्व दिवे गेले आहेत, की एकच? डावा, उजवा व वरचा असे तिन्ही दिवे एकदम बंद असतील तर तिघांच्या तारा एकाच दिवशी तुटल्या असे मानणे वेडेपणाचे आहे. दोष त्यांच्या सामाईक मार्गावर, म्हणजे फ्यूज, स्विच किंवा फाटे फुटण्यापूर्वीची वायर, येथे असणार. उलट वरचा आणि उजवा लागतो व केवळ डावा लागत नाही, तर फ्यूज व स्विच निर्दोष ठरले. त्यांस हात लावण्याचे कारण उरले नाही. दोष डाव्या दिव्याच्या फाट्यावरच आहे. आणि केवळ वरचाच बंद असेल तर मागचे दार जेथे उघडते त्या बिजागरीजवळची वायर तपासावी. तेथे रबराच्या नळीतून जाणाऱ्या वायरी दर वेळी दार उघडताना वाकतात व वर्षांनुवर्षे वाकून आतल्या आत तुटतात. वरचे आवरण मात्र शाबूत असते.

एकच दिवा गेला असेल तर बल्बची परीक्षा आधी करावी हे खरेच. पुष्कळ मोटारींत मागील दिव्याचा बल्ब एकच असून त्यात दोन तारा असतात. एक 5 वॅटची. ती रात्री सतत जळते, तिला टेल लाइट म्हणतात. दुसरी 21 वॅटची. ती केवळ ब्रेक दाबल्यावर पेटते. चौपटीहून अधिक असलेला हा फरकच मागच्यास "आता वेग उतरतो आहे" हे सांगतो. म्हणून टेल लाइट लागतो आहे, तेव्हा बल्ब चांगला आहे, असे अनुमान काढू नये. एक तार जिवंत असून दुसरी मेलेली असू शकते. ह्या बल्बच्या पितळी बुडाला दोन खुंट्या असतात, व त्या मुद्दामच वरखाली ठेवलेल्या असतात, म्हणजे बल्ब उलटा बसू नये. घाईत एखादा तो बळाने उलटा दाबतो, किंवा एका तारेचा बल्ब कोंबतो. मग रात्रभर मागे लख्ख तांबडे दिवे जळतात आणि ब्रेक दाबला असता काहीच फरक पडत नाही. पाहणाऱ्यास वाटते दिवे उत्तम आहेत.

बल्बसंबंधी वर्गात हमखास निघणारा एक गोंधळ येथे सांगतो. 21 वॅटचा बल्ब 12 व्होल्टवर जळताना 21 भागिले 12, म्हणजे पावणेदोन अँपिअर प्रवाह घेतो. ओहमच्या नियमाने त्याचा रोध 7 ओहमांच्या जवळपास यावयास हवा. परंतु बाहेर काढलेल्या थंड बल्बचा रोध मल्टीमीटरने मोजला तर तो अर्ध्या ओहमाच्या आसपास भरतो, आणि विद्यार्थी म्हणतो, "मग तर 24 अँपिअर वाहतील!" क्षणभर खरोखरच तेवढ्याच्या जवळपास वाहतात. टंगस्टनची तार तापून पांढरी होते तसा तिचा रोध दहा-बारा पटींनी वाढतो आणि प्रवाह उतरतो. नियम खोटा नाही. थंड तार व तापलेली तार ह्या दोन निराळ्या वस्तू आहेत इतकेच. ह्या पहिल्या क्षणाच्या लोंढ्यानेच स्विचची टोके हळूहळू जळत जातात.

फ्यूजविषयी फार लिहिण्यासारखे नाही. चपट्या फ्यूजचे रंग ठरलेले आहेत: 10 अँपिअरचा तांबडा, 15 चा निळा, 20 चा पिवळा. पुष्कळ मोटारींत ब्रेकचे दिवे व हॉर्न एकाच फ्यूजवर असतात, तेव्हा हॉर्न वाजवून पाहणे ही सर्वांत स्वस्त चाचणी होय. नवा फ्यूज घालताच तोही जळाला तर वायर कोठेतरी उघडी पडून पत्र्यास लागली आहे असे समजावे. उंदरांनी कुरतडलेल्या वायरी हे त्याचे आपल्या शहरातील फार नित्याचे कारण आहे. अशा वेळी मोठ्या अँपिअरचा फ्यूज किंवा सिगारेटच्या पाकिटातील चांदी गुंडाळून घालणारे महाभाग भेटतात. फ्यूज वाचतो, वायर जळते.

स्विच मात्र थांबून पाहण्याजोगा आहे. जुन्या अँबॅसिडर मोटारींत तो ब्रेकच्या तेलाच्या नळीवर बसविलेला असे व तेलाचा दाब वाढला की जोडला जाई. त्यामुळे पाय जोराने पडेपर्यंत दिवा लागत नसे. हल्ली तो पेडलाच्या दांड्यापाशी असतो. पेडल वर असताना दांडा स्विचची दट्ट्यासारखी कळ दाबून धरतो व दिवे बंद राहतात. पेडल खाली जाताच कळ मोकळी होते व दिवे लागतात. म्हणजे आपण ब्रेक दाबतो तेव्हा स्विच दाबत नसून सोडीत असतो! हे उलटे कार्य ध्यानात आले की पुढील चमत्कारिक दोष सहज उलगडतो.

पुष्कळ मोटारींत दांड्याच्या पत्र्यास एक भोक असते आणि त्यात रबराची किंवा प्लॅस्टिकची रुपयाएवढी टिकली बसविलेली असते. स्विचची कळ ह्या टिकलीवर टेकते. उन्हाळ्यातील उकाड्याने आठ-दहा वर्षांत टिकली ठिसूळ होऊन तिचा भुगा होतो. मग कळ त्या भोकातून आरपार जाते, दबत नाही, आणि ब्रेकचे दिवे अखंड जळत राहतात. गाडी बंद केली, कुलूप लावले, तरी जळतात, कारण हे दिवे किल्लीवर अवलंबून नसतात. दोन बल्बांचे साडेतीन अँपिअर धरले तर 35 अँपिअर-तासांची बॅटरी दहा तासांत रिकामी होते. रात्री दहाला उभी केलेली गाडी सकाळी आठला मेलेली आढळते. मालक नवी बॅटरी आणतो. तीही दुसऱ्या सकाळी मरते. पायाखाली वाकून पाहिले असते तर काळ्या रबराचा भुगा पायपोसावर पडलेला दिसला असता. टिकली काही थोड्या रुपयांची असते.

बॅटरीची हानी सोडून द्या. सतत जळणारा ब्रेकचा दिवा न जळणाऱ्याहून कमी घातक नाही. "लांडगा आला रे आला" असे रोज ओरडणाऱ्या पोराची गोष्ट आपण लहानपणी ऐकली आहे. मागचा चालक अशा दिव्याकडे दोन मिनिटांत दुर्लक्ष करू लागतो, आणि खरोखरीचा ब्रेक लागतो तेव्हा त्याला सांगावयास काहीच शिल्लक उरत नाही.

नव्या मोटारींत ह्याच स्विचवर आणखी कामे सोपविली आहेत. बटन दाबून सुरू होणारी गाडी, ब्रेकवर पाय आहे अशी खात्री ह्या स्विचकडून पटल्यावाचून सुरू होत नाही. आपोआप गिअर बदलणाऱ्या गाडीचा दांडा पार्किंगच्या खाचेतून हलत नाही. म्हणून "गाडी सुरूच होत नाही" ही तक्रार घेऊन इंजिन उघडण्यापूर्वी मागे कोणास तरी उभे करून ब्रेकचा दिवा पाहावा. वरकरणी परस्परांशी काहीही नाते नसलेले दोन दोष पुष्कळदा एकाच आईची लेकरे असतात.

आता परतीच्या वाटेकडे वळू. मलकपेठेतच राहणारे आमच्या परिचयाचे एक गृहस्थ आहेत. मलकपेठ रेल्वेस्थानकापाशी रुळांखालून जो रस्ता जातो तेथे मोठ्या पावसात पाणी साचते, हे सर्वश्रुत आहे. त्यांची जुनी मोटार एका पावसाळ्यात त्या पाण्यातून दोन-तीनदा गेली. पुढे दिवाळीच्या सुमारास एक विलक्षण प्रकार सुरू झाला. दिवसा, सर्व दिवे बंद असताना, ब्रेकवर पाय पडला की डॅशबोर्डवरील आकडे मंद उजळत आणि मागील नंबरप्लेटचा दिवाही किंचित पेटे. डावा ब्रेकचा दिवा मात्र लागत नसे. बल्ब दोनदा बदलला गेला, एका कारागिराने स्विचही बदलला. फरक पडला नाही.

वाचकांनी येथे क्षणभर थांबून स्वतः विचार करावा. ब्रेकचा आणि डॅशबोर्डचा संबंध काय?

डाव्या बल्बच्या दोन्ही तारांचे एक टोक बल्बच्या पितळी बुडाशी एकत्र होते, व तेथून एकाच वायरीने पत्र्यास जाते. ही एकच अर्थची वायर जेथे डिकीत स्क्रूने पत्र्यास आवळली होती, तेथे गंज चढून जोड सुटल्यासारखा झाला होता. ब्रेक दाबला की प्रवाह 21 वॅटच्या तारेतून येऊन बुडाशी पोहोचे. पुढे पत्र्याकडे जावयास वाट नाही. परंतु तेथेच 5 वॅटची तार जोडलेली आहे. प्रवाह त्या तारेत उलट्या बाजूने शिरे, टेल लाइटच्या वायरीत जाई, आणि त्याच वायरीवर असलेले उजवा टेल लाइट, नंबरप्लेटचा दिवा व डॅशबोर्डचे दिवे ह्यांतून, त्यांच्या चांगल्या अर्थमार्गे, पत्र्यास मिळे. महाद्वार बंद असले म्हणजे माणसे शेजारच्याच्या परसातून वाट काढतात, त्यातलाच हा प्रकार. इतक्या तारा एकामागून एक ओलांडताना 21 वॅटच्या तारेच्या वाट्यास इतका अल्प दाब येई की ती तापून उजळतच नसे.

म्हणून हा नियम लक्षात ठेवण्याजोगा आहे: एक दिवा लावला असता दुसराच कोणी मिणमिणू लागला, किंवा वळण दाखविणाऱ्या दिव्याबरोबर ब्रेकचा दिवा फडफडू लागला, तर बल्ब आणि स्विच ह्यांस दोष न देता प्रथम अर्थची जोडणी पाहावी. त्या गृहस्थांच्या मोटारीस शेवटी लागले ते पॉलिशपेपरचे एक चिटोरे, आणि पत्रा चकचकीत झाल्यावर स्क्रू पुन्हा आवळून वरून लावलेले थोडे ग्रीस.

दिव्याच्या डब्यात पाणी शिरले असेल तर केवळ पुसून भागत नाही. काचेच्या कडेचे रबर फाटले असल्यास ते बदलावे लागते. नाहीतर होल्डराच्या पितळेवर हिरवट पांढरे कीट चढत राहते. हे कीट वीज अडवते, पण पुरती अडवीत नाही. येथूनच सर्वांत फसव्या दोषास आरंभ होतो, आणि वर्गातील ओहमचा नियम खऱ्या अर्थाने उपयोगी पडतो तो येथेच.

समजा, कीटामुळे मार्गात अवघा एक ओहम रोध निर्माण झाला. जळत्या बल्बचे 7 आणि हा 1 मिळून 8 ओहम. 12 व्होल्टवर प्रवाह दीड अँपिअर वाहील. त्यातले दीड व्होल्ट कीटातच खर्ची पडतील व बल्बास साडेदहा मिळतील. साडेदहा म्हणजे काही वाईट नाही, असे कोणीही म्हणेल. परंतु तारेचा उजेड दाबाच्या प्रमाणात घटत नाही. तो त्याहून कितीतरी वेगाने घटतो. दाब आठव्या हिश्शाने उतरला की उजेड एक-तृतीयांशाहून अधिक उतरतो. एका अंगाचा दिवा दुसऱ्याहून मंद दिसतो तो ह्यामुळे.

आता कारागीर मल्टीमीटर घेऊन येतो. बल्ब काढतो, ब्रेक दाबावयास सांगतो, होल्डरात टोके लावतो. काटा किंवा आकडा पूर्ण 12 व्होल्ट दाखवितो! "वीज तर बरोबर येते आहे," असे म्हणून तो नवा बल्ब घालतो. आणि दिवा पूर्ववत मंदच. मीटर खोटे बोलले काय? नाही. मीटरचा स्वतःचा रोध एक कोटी ओहमांच्या घरात असतो. त्यातून प्रवाह जवळजवळ वाहतच नाही. प्रवाह नाही, तर कीटाच्या ओहमात दाब खर्च होण्याचे कारणही नाही. वायरीचे वीस धागे तुटून एकच उरला असला तरीही मीटर 12 च दाखवील. भार वाहण्याची वेळ आल्यावाचून दुबळा खांदा ओळखू येत नाही.

ह्यावर दोन उपाय आहेत. पहिला जुन्या मिस्त्रींचा: होल्डरास दोन वायरी लावलेला एक 21 वॅटचा बल्ब, म्हणजेच टेस्ट लॅम्प. तो खरा प्रवाह ओढतो, त्यामुळे कुजकी वायर त्याच्यापुढे लगेच उघडी पडते. दुसरा उपाय मीटरचाच, पण बल्ब जागेवर जळत असताना. मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण टोकास व दुसरे दिव्याच्या होल्डराच्या अर्थ बाजूस लावावे. परतीची वाट स्वच्छ असेल तर जेमतेम 0.1 किंवा 0.2 व्होल्ट दिसतात. एक-दीड दिसले तर दोष त्या वाटेवर आहे. मग टोक होल्डरापासून पत्र्याच्या स्क्रूवर, तेथून शेजारच्या घासलेल्या पत्र्यावर असे सरकवीत जावे. ज्या दोन ठिकाणांच्या दरम्यान आकडा एकदम पडतो तेथेच चोर आहे. पन्नास वायरींच्या जुडग्यातून तीन-चार मोजमापांत एक जोड शोधून काढण्याचा हा आनंद ज्याने एकदा घेतला, तो पुन्हा अंदाजाने भाग बदलावयास जाणार नाही.

अलीकडे बल्बच्या जागी एलईडी आले आहेत. बल्बची तार पुरती उजळावयास सुमारे पाव सेकंदास थोडा कमी वेळ लागतो. एलईडी तत्काळ उजळतो. ताशी 50 च्या वेगास तेवढ्या अवधीत जवळजवळ एका ऑटोरिक्षाच्या लांबीइतके अंतर जाते, म्हणजे लाभ खरा आहे. परंतु जुन्या होल्डरात बाजारातला एलईडी बसविणाऱ्याने तो तांबडाच घ्यावा. तांबड्या काचेमागे पांढरा एलईडी घातला तर त्याच्या प्रकाशात तांबडा भाग थोडा असल्याने बाहेर येणारा उजेड फिकट व गुलाबी पडतो. मूळच्याच एलईडीच्या दिव्यात एकदोन ठिपके विझले तर सहसा आतील पट्टीच बदलावी लागते, आणि अशा मोटारींत दिव्यांची आज्ञा पुष्कळदा एका संगणकी पेटीतून येते. तेथे टेस्ट लॅम्प लावू नये. तो ओढील तो प्रवाह त्या नाजूक पेटीस झेपेलच असे नाही. तसेच पिवळ्या आवरणातील वायरी एअरबॅगच्या असतात, व विजेवर चालणाऱ्या मोटारीतील नारिंगी वायरींत शेकडो व्होल्ट असतात. दोहोंस विद्यार्थ्यांनी स्पर्शही करू नये.

विजेच्या मोटारीत आणखी एक नवल आहे. प्रवेगकावरील पाय नुसता उचलला तरी तिची मोटर जनित्र बनून गाडीचा वेग उतरवते. ब्रेकला पाय लागतच नाही. मग मागच्यास कळावे कसे? युरोपातील नियमांनी ह्याचे उत्तर असे दिले आहे की, अशा रीतीने वेग दर सेकंदास 1.3 मीटर प्रतिसेकंद ह्याहून अधिक उतरू लागला तर ब्रेकचा दिवा आपोआप लागलाच पाहिजे. तेव्हा पुढील मोटारीचा चालक ब्रेक न दाबताही दिवे लावतो असे दिसले तर तो दोषच असेल असे नाही.

राहता राहिला प्रश्न एकट्याने पाहण्याचा. दिवे लागतात की नाही हे पाहावयास दर वेळी शेजारचा मुलगा मिळेलच असे नाही. अंधार पडल्यावर गाडी मागे घेत भिंतीपासून हातभर अंतरावर उभी करावी व आरशात पाहत ब्रेक दाबावा. भिंतीवर डावीउजवीकडे तांबडे उजेड सारखे पडावयास हवेत. दिवसा दुकानाची मोठी काच त्याच कामी येते. मागे जाऊन जवळून पाहावयाचे असेल तर चाकांस दगडांची उटी लावून, हँडब्रेक ओढून, एक लाकडी काठी पेडल व आसनाची कड ह्यांच्यामध्ये अडकवावी. ही तपासणी दोनदा करावी: एकदा टेल लाइट बंद ठेवून आणि एकदा लावून. अर्थ बिघडलेला दिवा पुष्कळदा पहिल्या खेपेस ठीक दिसतो. टेल लाइटचाही भार त्याच गंजलेल्या स्क्रूवर पडला की मगच तो मंदावतो.